पैसे वसूल

“फार महाग आहे हो तुमचं पुस्तक,” सांधेवाला म्हणाला आणि ‘उल्कावीर’चा जाडजूड संग्रह त्यानं चित्रकाराच्या टेबलावर ठेवला.

चित्रकार खूश होऊन हसला. सही घ्यायला आलेले वाचक आधी अशीच लटकी तक्रार करतात, हे त्याला पाठ होतं. “अहो, दहा कथा आहेत! आणि त्यातली रेघ न् रेघ माझ्या या उजव्या हातची. दुसऱ्या कुणाला ब्रशला बोट लावू देत नाही मी.” मग आतल्या खोलीकडे मान वळवून खेकसला, “अगं ए, पाणी आणतेस की झोपलीस?”

सांधेवाला बसला. नाव ऐकून लोकांना वाटायचं, हा निखळलेले सांधे बसवत असेल. तो करायचा त्याच्या बरोब्बर उलट. धंद्यात त्याचा दबदबा होता, पण आज त्याचा पाय घरातून निघता निघत नव्हता. लहानपणी पांघरुणात डोकं खुपसून ज्यानं चित्रकथांचा फडशा पाडला, त्यानंच चित्रं काढणाऱ्याची बोटं मोडायची? पण सुपारी घेतली होती, आणि दिलेला शब्द फिरवणं त्याला जमत नसे.

सुपारीही विचित्रच होती. मधला दलाल म्हणाला होता, “गिऱ्हाइकाचं नाव मलाही ठाऊक नाही. पुस्तक आधी पुरतं वाच. पैसे वसूल होतात की नाही, ते त्याच्या तोंडावर सांग. मारामारी कुठं चुकलीय ते पान उघडून दाखव. मग टेबलावरचा दिवा लाव आणि सावकाश, एकेक बोट.”

असेल कुणी पैसे पाण्यात गेले म्हणून पेटलेला वाचक, असं सांधेवाल्याला वाटलं. पुस्तक वाचल्यावर तर त्याला तो राग थोडाफार पटलाही होता.

“काय आहे साहेब,” त्यानं पान उघडलं, “उडणं-बिडणं झकास. शहर कोसळतं ते बघून अंगावर काटा आला. पण हाणामारी साफ खोटी. हे बघा ना, उल्कावीर चोराची बोटं पिरगाळतो आणि चोर लगेच बोंबलतो. असं होत नाही.”

“मग कसं होतं?”

प्रश्न दारातून आला. चित्रकाराची बायको पाण्याचा पेला घेऊन उभी होती. एवढ्या उकाड्यातही बाह्या मनगटापर्यंत. बोटांची टोकं काळी होती. भांड्यांची काजळी असणार.

“आधी आवाजच फुटत नाही, वहिनी. आपलाच हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा माणूस त्याच्याकडे बघत राहतो. तोंड उघडं, श्वास अडकलेला. मग घाम. बोंब त्याच्यानंतर. आणि मोडलेलं बोट असं सुबक वाकत नाही हो, ते भलतीकडेच जातं.”

“तुला काय करायच्यात नसत्या चौकशा?” चित्रकार तिच्यावर डाफरला. “ठेव तो पेला आणि आत हो.”

तिनं पेला ठेवला. आत मात्र गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“थोडक्यात काय, पैसे वसूल नाहीत,” सांधेवाला म्हणाला. त्यानं दिवा लावला आणि चित्रकाराचं उजवं मनगट टेबलावर दाबून धरलं. “माफ करा. कामच असं आहे.”

चित्रकाराचा चेहरा पांढराफटक पडला. “मी नाही! अहो, मी काढतच नाही! सगळं ही काढते! नाव तेवढं माझं. हिला विचारा!”

सांधेवाल्याचं तोंड कडू झालं. मघाशी रेघ न् रेघ माझी, आणि जिवावर बेतल्यावर बायकोला पुढं ढकलतो? आतापर्यंत वाटत होती तेवढी दया तिथंच आटली. तरी त्यानं विचारलं, “खरं का हो, वहिनी?”

तिनं मान खाली घातली. “पुस्तकावर नाव त्यांचंच आहे.”

पहिलं बोट सुक्या काटकीसारखं कडकन मोडलं. चित्रकार ओरडला नाही. आ वासून तो आपल्याच हाताकडे बघत राहिला. कपाळावर घाम डवरला. दुसऱ्या बोटाचं हाड कातडी फाडून वर आलं, कागदांवर रक्त पसरलं, आणि मग घर हादरवणारी किंकाळी फुटली. सांधेवाल्यानं त्याच्या तोंडात रुमाल कोंबला. चित्रकारानं लाथा झाडल्या, शाईची बाटली खाली पडून फुटली. ठरल्याप्रमाणे, कसलीही घाई न करता, बाकीची बोटंही मोडली गेली.

बायको किंचाळली नाही की धावून आली नाही. पापणीही न लवता ती बघत होती. बिचारी धसक्यानं दगड झाली, असं सांधेवाल्याला वाटलं. जाताना त्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं.

पुढं कित्येक दिवस त्याच्या घशाखाली घास नीट उतरेना. एका कलावंताचा हात आपण कायमचा संपवला, आता कुठला यायला दुसरा भाग, हे मनातून जाईना.

म्हणूनच दुकानाच्या काचेत ‘उल्कावीर, भाग दुसरा’ दिसला तेव्हा तो चक्रावला. आधीच्यापेक्षाही महाग होता. मुखपृष्ठावर नाव चित्रकाराचंच. त्यानं पैसे मोजले आणि दुकानाच्या दारातच पुस्तक उघडलं.

रेघ तीच होती. उल्कावीर चोराची बोटं मोडत होता, टेबलावरच्या दिव्याच्या उजेडात, दाराच्या बाजूनं पाहिल्यासारखा. चोराचं तोंड उघडं, आवाज नाही, नजर आपल्याच हातावर. मोडलेलं बोट भलतीकडेच गेलं होतं. एवढं मात्र खरं, की या एका पानातच पैसे वसूल झाले होते.

तेवढ्यात दलालाचा फोन आला. “मागचं गिऱ्हाईक तुझ्यावर जाम खूश आहे बघ. नवं काम दिलंय. या खेपेला गुडघा. दिवा तसाच लावायचा, घाई करायची नाही.”

“पत्ता?” सांधेवाल्यानं पुस्तक मिटत विचारलं.

“तोच.”