आउटबॉक्समध्ये अडकलेली चित्रं

वहिनीची चित्रं बाराच्या आत स्पर्धेला पोचायला हवी होती आणि मेल आउटबॉक्समध्ये ठाण मांडून बसला होता.

मी पासवर्ड नव्याने टाकला, सेटिंग्ज तपासली, अँटीव्हायरस बंद केला. मेल ढिम्म.

“भावजी, काहीतरी करा ना!” वहिनीचा जीव नुसता वर-खाली होत होता.

“थांब गं, केबल काढून परत लावतो.” त्या जुन्या कॉम्प्युटरला इंटरनेट मिळायचं ते याच एका केबलमधून. मी टेबलाखाली शिरलो आणि ती ओढून काढली.

वर टिंग झालं.

“गेला! भावजी, मेल गेला!” वहिनी टाळ्या पिटत नाचायलाच लागली. दादा ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आला. “म्हटलं नव्हतं?” मी टेबलाखालून ओरडलो.

पुन्हा टिंग.

“अगबाई, उत्तरही आलं!”

“अगं, वाच, वाच!” दादा म्हणाला.

“‘चित्रं मिळाली. फार आवडली.’”

तेव्हा कुठे माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. केबल अजून मुठीतच होती. मी घाईघाईने ती परत लावायला गेलो.

वर वहिनीचा आवाज एकदम खाली आला.

“‘भावजींना म्हणावं, केबल लावू नका.’”