मोकळी जागा

“माझं नाव कुठं हाय?”

बन्सीमामांनी मोबाईल उलटा करून मागची बाजू पाहिली. लग्नपत्रिकेला मागची बाजू असते. मोबाईलच्या मागे नुसतं कव्हर होतं.

मामा तिसगावहून पहिल्या गाडीने केडगावला आले होते आणि बहिणीच्या दारात उभे होते. पायातली चप्पल त्यांनी काढली नव्हती. लंकाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यालाही हात लावला नव्हता.

“दादा, आत तरी ये.”

“आधी पोराला म्हनावं, नाव दाखव. मग येतो.”

पोरगा म्हणजे लंकाबाईंचा पार्थ. तो लोकांना वेबसाइट करून देतो. मागच्या आठवड्यात पुण्याला वेब डिझाइनची कॉन्फरन्स होती. कुठल्या कंपनीची नव्हती; या धंद्यातल्या मराठी मंडळींनी आपली आपण भरवली होती. पार्थ दोन दिवस तिथे राहिला आणि भारावून परतला. येताना त्याने एक कापडी पिशवी, गळ्यात अडकवायचा नावाचा बिल्ला आणि एक वाक्य आणलं. ‘जे काढता येतं, ते काढून टाका.’

घरी आल्याआल्या त्याने बैठकीतलं कॅलेंडर काढलं. तेव्हापासून चतुर्थी कधी आहे ते लंकाबाईंना शेजारणीला विचारावं लागतं. मग त्याने भिंतीवरचे फोटो काढले. बिल्ला मात्र त्याने काढला नाही. तो अजूनही गळ्यातच होता.

त्यानंतर त्याने बहिणीच्या लग्नाची पत्रिका हातात घेतली. छापखान्यातून आलेल्या नमुन्यावर चौसष्ट नावं होती. चुलते, मामा, मावसे, व्यवस्थापक, आणि तळाशी ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणणारी सात मुलं. त्यातल्या दोघांना अजून बोलता येत नव्हतं. पार्थने छपाई रद्द केली. त्याऐवजी वेबवर एक पान केलं आणि सगळ्या नातेवाइकांना मोबाईलवर पाठवलं. पांढरं पान. मधोमध बारीक अक्षरात ‘स्नेहल’. त्याखाली ‘ओम’. त्याखाली तारीख. संपलं.

ओम हा राहात्याचा नवरामुलगा. पण हे तिसगावात कोणाला ठाऊक?

“तुझी मामी पान बघून रडाया लागली,” मामा म्हणाले. “पोरीचं नाव, खाली ओम, खाली तारीख. मला म्हनली, अवो, शांती लिहायचं राहिलं वाटतं. शेजारच्या चार बाया जमल्या. एकीनं तर स्वयंपाक बंद ठेवला.”

आतून स्नेहल बाहेर आली. तिच्या हातात साड्यांची पिशवी होती. ती मामांशी बोलली नाही, भावाकडे वळली.

“लग्न आठ दिवसांवर आलंय. मामा आले नाहीत तर मला बोहल्यावर कोण आणणार? तुझं ते पांढरं पान?”

पार्थ हसला. कॉन्फरन्समध्ये बोलणारे असेच समजूतदारपणे हसत होते.

“मामा, तुमचं नाव आहे की! त्या मोकळ्या जागेत आहे. ती जागा म्हणजेच आपली सगळी माणसं. नीट बघितलं की दिसतं.”

मामांनी पुन्हा बघितलं. बोट वर सरकवलं, खाली सरकवलं. वर पांढरं, खाली पांढरं.

“लंके,” ते म्हणाले, “याला पुण्यात ऊन लागलं का गं?” आणि ते पायरी उतरले. “बोहल्यावर बी मोकळ्या जागेलाच बोलवा. मी जातो.”

लंकाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

“मामा, थांबा,” पार्थ म्हणाला. “जगात कसं करतात ते एकदा बघा, मग जा.” त्याने आपल्या मोबाईलवर कॉन्फरन्सचं पान उघडलं. आभाराचा मजकूर आजच येणार होता. वर खरोखरच काही नव्हतं. पांढऱ्यात एक काळा ठिपका, बस. पार्थने मामांकडे विजयी मुद्रेने पाहिलं आणि पान खाली सरकवलं.

खाली नावं सुरू झाली. आधी भाषणं करणाऱ्यांची. मग भरवणाऱ्यांची. मग मदत करणाऱ्यांची. मग चहावाल्याचं, सभागृहाच्या रखवालदाराचं. अगदी शेवटी भरवणाऱ्यांपैकी एकाच्या कुत्रीचं: ‘सर्वांचा उत्साह टिकवल्याबद्दल चकलीचे विशेष आभार.’

पार्थचं बोट मंदावलं. पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन त्याने एकट्याने शंभर खुर्च्या मांडल्या होत्या. तुझं नाव साइटवर टाकतो, असं ते लोक आपण होऊन म्हणाले होते. तो पान वर घेऊन गेला. खाली आला. पुन्हा वर गेला. मग त्याने मोबाईल उलटा करून मागची बाजू पाहिली.

“काय शोधतो रं?” मामांनी विचारलं.

“काही नाही.”

“सांग की.”

“माझं नाव,” पार्थ म्हणाला. ते जेमतेम ऐकू आलं.

मामांनी त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्याकडे पाहिलं. मग ते पायरी चढले. चप्पल काढली. लंकाबाईंच्या हातातला तांब्या घेऊन घटाघटा पाणी प्यायले, खिशातून चष्मा काढला आणि भाच्याला खेटून बसले. त्यांनी ती यादी पहिल्यापासून बोट ठेवून, एकेक नाव मोठ्याने उच्चारत वाचली. चकलीचंही वाचलं.

मग भाच्याच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले,

“असंल रं. मोकळ्या जागेत बघ.”