सरांचा पासवर्ड

‘मार्गदर्शकांनी स्वतः लॉगिन करून प्रबंध वाचल्याचे प्रमाणित करावे,’ असं पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आणि मार्गदर्शक विमानतळावर होते.

“सर, पाचला हे पान बंद होतं,” चिऊ फोनवर म्हणाली. “आज झालं नाही तर नोंदणीच रद्द होईल माझी. सहा वर्षं पाण्यात जातील.”

चिऊ म्हणजे काही लहान मूल नव्हे. केसांत पांढरं दिसायला लागलेली बाई. पण शेजारच्या खुर्चीत बसलेले तिचे बाबा तिला अजून चिऊच म्हणत. आज ते हट्टाने तिच्याबरोबर विद्यापीठाच्या संगणक कक्षात आले होते. इस्त्रीचा शर्ट काय, गुळगुळीत दाढी काय! लेकीचा प्रबंध नव्हे, त्यांचंच काहीतरी आज जमा व्हायचं होतं जणू.

आणि तसंच होतं ते. प्रबंधाचा विषय करखात्याच्या संगणकांवरचं अंतर्गत नियंत्रण. म्हणजे साध्या भाषेत, नोंद करणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा, ही शिस्त खरंच पाळतात की नुसती भिंतीवर टांगून ठेवतात. त्यातलं तिसरं प्रकरण ‘कारकून क’चं. साहेबांनी आपला पासवर्ड त्याला देऊन टाकला होता. “परताव्यांचा ढीग साचलाय, माझ्या नावाने तूच मंजूर करत जा. मी आहे ना!” पुढे त्यात खोटे परतावे निघाले. साहेबांनी हात वर केले. मंजुरी कुठून दिली ते यंत्राने बरोबर टिपलं होतं, क च्या टेबलावरून. नोकरी क ची गेली.

क म्हणजे बाबा. खोटे अर्ज आत घुसवणारे वेगळेच होते, हे चिऊने पुराव्यानिशी मांडलं होतं. बाबांना आता नोकरी नको होती, पैसे नको होते. पोटच्या पोरीशिवाय दुसऱ्या कुणी, चार लोक ज्याचं ऐकतात अशा माणसाने, ते वाचून ‘बरोबर आहे’ म्हणावं, एवढंच हवं होतं. प्रबंधाला मार्गदर्शकांचा अभिप्राय जोडतात हे कळल्यापासून त्यांची झोप उडाली होती. बसमध्येसुद्धा तेच, “सरांनी काय लिहिलं असेल गं?”

“अगं, मग तूच करून टाक ना,” सर म्हणाले. टाइप करायला हात मोकळे हवेत म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला होता. “पासवर्ड आहेच तुझ्याकडे.”

होता. सरांच्या हजेऱ्या, सरांची गुणपत्रकं, सगळं तीच भरायची. तिने पासवर्ड टाकला.

“सर, इथे तुमचा अभिप्राय लिहायचाय.”

“लिही की काहीतरी छानसं! तुझं काम तुझ्याइतकं कुणाला माहीत?”

“तिसऱ्या प्रकरणाबद्दल तुमचं मत...”

“तिसरं म्हणजे आकडेवारीचं ना? उत्तम आहे. बघ, माझ्या मोबाइलवर ओटीपीचे आकडे आलेत. घे पटकन, आमची रांग लागली.”

आकडेवारी पाचव्या प्रकरणात होती. चिऊने बाबांकडे पाहिलं नाही. पाहवलंच नाही तिला. सरांनी सांगितलेले आकडे तिने मुकाट्याने टाकले आणि पडद्याच्या कोपऱ्यात सरांचा फोटो उमटला.

बाबांनी तिच्या दंडाला हात लावला. “चिऊ, लेखी माग,” ते हळूच म्हणाले.

तिने घसा खाकरला. “सर, तुमच्या सांगण्यावरून मी हे करतेय, असा एका ओळीचा मेसेज टाकाल का?”

पलीकडे विमानतळाच्या गलक्यात सरांचा आवाज चढला.

“मेसेज कशाला? उद्या कुणी पाहिला तर मीच गोत्यात यायचो. माझ्यावर विश्वास नाही का? आणि एवढी घाबरतेस काय? मी आहे ना!”

फोन बंद झाला. ते तीन शब्द तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत होते, अवतरण चिन्हांत.

अभिप्रायाची चौकट कोरी होती. ‘क निर्दोष होता हे सिद्ध होते,’ असं लिहायला चिऊने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. आपणच लिहायचं, आपणच बाबांना दाखवायचं, कसली ही थट्टा! तिने लिहिलं, ‘प्रबंध वाचला. काम समाधानकारक आहे.’ बटण दाबलं.

‘धन्यवाद, सर,’ पडद्यावर आलं. ‘आपण दिलेल्या मंजुरीची नोंद या संगणकावरून झाली आहे.’

बाबांनी चष्मा लावला. पुढे वाकून त्या दोन ओळी सावकाश वाचल्या. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि तिथलंच पेन काढून तिच्यापुढे धरलं.

“फोन किती वाजता झाला ते लिहून ठेव.”

“बाबा, ते मोबाइलमध्ये राहतंच.”

“तरी लिहून ठेव. मीपण ठेवलं होतं,” ते म्हणाले. “उपयोग काही झाला नाही. पण ठेव.”