ओटीतला पीस

ओटीत आलेला ब्लाऊजपीस कोणी शिवत नाही. तो पुढच्या बाईच्या ओटीत ढकलायचा असतो. किन्हीराजा गावच्या कस्तुराबाईनं मात्र जन्मभर असल्या ढकललेल्या तुकड्यांची जाकिटं शिवली, आणि गावातल्या बायकांनी "गोधडी घालून फिरते" म्हणत नाकं मुरडली. सत्तरीत तिचं जाकीट मुंबईच्या फॅशन शोमध्ये झळकलं, तसा त्याच बायकांनी सत्कार ठेवला.

"आमी तं पहिलेच वळखलं होतं, बाई कलाकार हाय," महिला मंडळाच्या अध्यक्ष रेणुकाताई माईकवर बोलल्या आणि त्यांनी कस्तुराबाईची ओटी भरली.

कस्तुराबाईनं पदरातला जांभळा पीस उलगडून पाहिला.



"रेणुके, तुह्या लेकीच्या लग्नात मीच मालेगावहून आणून देल्ला होता हा. माह्या हातचं कुंकू तरी झटकाचं होतं."