कोरडा वाडगा

मोहिनीबाईंनी पिशवीतून लाकडी वाडगा काढून देवरामपुढे ठेवला. “गांगुर्डे, पुन्हा कोरडा पडला हो.”

देवरामने वाडगा उजेडात धरला. शिसवी लाकडाचा, त्यानेच लेथवर उतरवलेला. आतून पांढुरका दिसत होता. त्याला अपराधी वाटलं, कारण हे दुखणं त्यानेच लावून ठेवलेलं होतं.

ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने सिडकोतल्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये लहानसा लेथ बसवला. पेन आणि वाडगे करायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, बोलायला कुणी नव्हतं. पेनांना तो लाख चढवी. हाताच्या घामाने ती उतरत नाही. लाखेचं पेन परत येत नसे, आणि गिऱ्हाईकही.

मोहिनीबाई निवृत्त शिक्षिका. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी वाडग्यालाही लाखच मागितली होती. पण त्या दिवशी बोलता बोलता दुसऱ्यांदा चहा टाकावा लागला, आणि देवरामने मनाशी काही ठरवलं.

“खायच्या भांड्याला जवसाचं तेलच बरं,” तो म्हणाला. “दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं, एवढंच. आणि हळदीला जपा. डाग जात नाही.”

तेल घरीही लावता येतं, हे तो बोलला नाही.

तेव्हापासून बाई येत राहिल्या. तेल मुरेपर्यंत चहा होई. बाई घरचं सांगत. सून, दोन नातवंडं, चिवड्याच्या वाडग्यावरून होणारी मारामारी. “आमच्याकडे मेलं भांडं टिकतच नाही,” त्या म्हणत. “तुमचं बरंय. शांतता.” देवराम हसून मान हलवी. इतकी ओढाताण होऊनही वाडग्यावर कधी डाग नसे, याचं त्याला कौतुक वाटे. शिक्षिकेचं घर, शिस्त असणारच.

या खेपेला मात्र शेडची पायरी चढताना त्या दाराला धरून थांबल्या होत्या. गुडघा धरला होता. गंगापूर रोडहून दोन बस बदलून यायचं, तेही भरलं घर टाकून, आणि कशासाठी? एका म्हाताऱ्याला करमत नाही म्हणून.

“ठेवून जा,” तो म्हणाला. “जरा नीट करतो.”

निघताना बाईंनी मागच्यासारखाच काचपेपरचा तुकडा मागितला. दार फुगलंय, घासून बघते म्हणाल्या. मुलाला वेळ नसतो. देवरामने अख्खा कागद दिला.

मग त्याने वाडगा लेथवर चढवला, तेलकट थर उतरवला आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली. लाख वितळून आरशासारखी पसरत गेली. इतकं सुंदर काम त्याच्या हातून क्वचितच झालं होतं. लेथ बंद करून त्याने तेलाची बाटली फळीवर मागे सरकवली.

बाई न्यायला आल्या तेव्हा त्याने सांगितलं, “आता तेल नको, काही नको. तुमचे खेटे वाचले.”

बाई वाडग्याकडे बघत राहिल्या. “चमकतो छान,” म्हणाल्या. चहाला थांबल्या नाहीत. घरी घाई असेल, देवरामला वाटलं.

दिवाळी गेली. दुसरा कप फडताळात मागे मागे सरकला. शेडबाहेर पावलं वाजली की देवराम लेथ थांबवी, आणि पावलं पुढे निघून जात.

थंडी चांगली पडली होती तेव्हा एका दुपारी मोहिनीबाई दारात उभ्या दिसल्या. पिशवीतून वाडगा निघाला.

“गांगुर्डे, लाख उतरली हो. सुनेनं तारेच्या घासणीनं घासला.”

देवरामने वाडगा उजेडात धरला. लाखेचा मागमूस नव्हता. तारेच्या घासणीचे ओरखडे गोल, वेडेवाकडे उठतात. हे सरळ होते, एकाच दिशेने, चिकाटीने ओढलेले. त्याने वाडगा नाकाशी नेला. चिवड्याचा वास नाही, तेलामिठाचा नाही. हळदीचा ठिपकाही नाही. यात कधी कुणी काही वाढलं असावं, असं वाटेना.

त्याने तेलाची बाटली काढली. बूच उघडता उघडता विचारलं, “दार लागतं का आता नीट?”

“कुठलं दार?” बाई म्हणाल्या, आणि सोललेली बोटं त्यांनी घाईने पदराखाली घेतली.