शेवंताबाईचं सूप

नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगणारा मिस्त्री म्हणून बालाघाटात महागूचं नाव होतं. तो ठार बहिरा झालाय, हे फक्त बायकोला, शेवंताबाईला ठाऊक. डॉक्टरांनी गोऱ्या साहेबाकडून घेतलेली जुनी स्पोर्ट्स कार मिसिंग मारत, अडखळत आली. डॉक्टर म्हणाले, “नाही जमत तं गोंदियाले नेतो, मिस्त्री.” “बसा जी डॉक्टरसाहेब, यायले ऐकू तं द्या,” म्हणत शेवंताबाई सूप घेऊन पाखडायला बसली. सुपावर नजर ठेवून महागूने चालू इंजिनाच्या प्लगची पहिली तार उपसली. इंजिन आणखी अडखळलं, सूप थांबलं. ती परत बसवून दुसरी उपसली, तेव्हाही तसंच. तिसरी उपसली तरी आवाज तोच. सूप चालूच राहिलं, म्हणजे मेलेला प्लग हाच. त्याने तिसरा प्लग बदलला. इंजिन एका लयीत घुमू लागलं. “मानलं, उस्ताद!” गवई गुरूचं नाव घेताना धरतात तशी डॉक्टरांनी आदराने आपल्या कानाची पाळी धरली. गाडी गेल्यावर महागूने शेवंताबाईपुढे तशीच आपल्या कानाची पाळी धरली.