स्पर्धेपुरती बोटं

पियानो स्पर्धेचा विजेता कौस्तुभ खांडेपारकर खरोखरच चहाला आला, तेव्हा मृणालिनीबाईंनी त्याला शाल पांघरली. पहिल्या फेरीपासून त्या त्याचं वादन पाणावल्या डोळ्यांनी ऐकत आल्या होत्या. त्यांनी आपल्या जुन्या पियानोचं झाकण उघडलं.

"अंतिम फेरीतलं थोडंसं वाजव ना रे."

तो ओशाळला. "आजी, ते आता येत नाही. ते कसब भाड्याने बोटांत भरून घेतलं होतं, स्पर्धेपुरतं. मुदत संपली, काढून टाकलं. सगळेच भरून घेतात."

बाईंनी पियानोचं झाकण पुन्हा मिटलं. त्यांची नात ऋजुताही त्याच स्पर्धेत उतरली होती. 'मलाही भरून घेऊ दे' म्हणून तिने किती हट्ट केला होता! पण दरवेळी बाई म्हणायच्या, "त्या कौस्तुभकडे बघ. उसनं काही नाही त्याच्या बोटांत. सगळी मेहनत आहे."

ऋजुता चहा घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"स्वतः शिकून स्पर्धेत उतरणारं कुणी अजून असतं का हो?" कौस्तुभने कुतूहलाने विचारलं.

"आहे ना एक," ऋजुता म्हणाली. "शेवटून पहिली आली."

बोलली ती कौस्तुभशी, पण बघत होती आजीकडे.